खिशातल्या घड्याळानं समुद्राचं कोडं सोडवलं, पण ते बनवणाऱ्या सुताराला हक्कासाठी ऐंशीव्या वर्षापर्यंत भांडावं लागलं

जुनी खिशातली घड्याळं जमवणारा एखादा शौकीन तुमच्या ओळखीत असेल तर एकदा त्याच्याकडं जाऊन बसा. सोन्याचं झाकण, नक्षी, साखळी हे सगळं तो दाखवेलच. पण त्याचे डोळे खरे चमकतात ते एखादं साधं, बिननक्षीचं घड्याळ उलटं करून त्यावरचा छोटासा बाण दाखवताना.

तीन रेघांचा हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाण असलेलं घड्याळ कुण्या साहेबाच्या कोटात मिरवायला नव्हतं. ते सैन्यात किंवा नौदलात ड्युटीवर होतं.

त्यातही नौदलाच्या घड्याळांना वेगळाच मान आहे. त्यांना डेक वॉच म्हणतात. जहाजाचं मुख्य घड्याळ लाकडी पेटीत, एका जागी जपून ठेवलेलं असायचं. त्याला हलवायचं नाही, हा नियम. मग डेक वॉच त्याच्याशी जुळवून घ्यायचं, वर डेकवर न्यायचं, सेक्स्टंटनं सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजायची आणि बरोब्बर त्या क्षणाची वेळ टिपून घ्यायची.

आता तुम्ही म्हणाल, भर समुद्रात सेकंदा-सेकंदाचा हिशोब कशाला? तिथं कुणाची लोकल चुकणार आहे?

तर मंडळी, समुद्रात वेळ चुकली की जागा चुकते. आणि जागा चुकली की माणसं मरतात. हे गणित खिशात मावेल अशा यंत्रानं सोडवणारा माणूस कुठल्या विद्यापीठातला प्रोफेसर नव्हता. तो खेड्यातला सुतार होता. नाव जॉन हॅरिसन.

आधी प्रॉब्लेम काय होता ते बघू

जहाज उत्तर-दक्षिण कुठं आहे, म्हणजे अक्षांश किती, हे काढणं खलाशांना जुन्या काळापासून जमत होतं. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंचीवर आहे ते मोजलं की काम झालं. घोडं अडायचं ते पूर्व-पश्चिम अंतरावर, म्हणजे रेखांशावर.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशात साधारण साडेपंधरा अंशांचा फरक आहे, म्हणून कोलकात्यात सूर्य मुंबईच्या तासभर आधी माथ्यावर येतो. दोन ठिकाणांच्या वेळेतला फरक कळला की त्यांच्यातलं पूर्व-पश्चिम अंतर कळतं, इतकं हे सोपं आहे.

समजा जहाजावर सूर्य माथ्यावर आहे, म्हणजे तिथं दुपारचे १२ वाजलेत. आणि लंडन सोडताना लावलेल्या घड्याळात ३ वाजलेत. मग तुम्ही लंडनच्या ४५ अंश पश्चिमेला आहात. विषय संपला.

पण विषय इथंच सुरू व्हायचा, कारण असं घड्याळच अस्तित्वात नव्हतं. लंबकाची घड्याळं जमिनीवर चांगली चालायची, पण जहाज हेलकावे खायला लागलं की लंबकाचा ताल बिघडायचा. खिशातली घड्याळं तर दिवसाला काही मिनिटं इकडं-तिकडं व्हायची. थंडीत धातू आकसायचा, उन्हात पसरायचा, तेल घट्ट व्हायचं, खारी हवा गंज चढवायची. आणि विषुववृत्तावर ४ मिनिटांची चूक म्हणजे तब्बल १११ किलोमीटरची चूक.

या चुकीची किंमत इंग्लंडनं ऑक्टोबर १७०७ मध्ये मोजली. ॲडमिरल क्लाउड्सली शोव्हेल यांचा ताफा जिब्राल्टरहून घरी परतत होता. आपण नेमके कुठं आहोत याचा अंदाज चुकला आणि जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आदळली. चार युद्धनौका बुडाल्या. मेलेल्यांचा आकडा चौदाशे ते दोन हजार सांगितला जातो. खुद्द ॲडमिरलही त्यात गेले.

अखेर १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून बक्षीस लावलं. रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगणारी पद्धत जो आणेल त्याला २०,००० पाउंड. त्या काळात ही रक्कम म्हणजे सात पिढ्यांची सोय. निकाल द्यायला खगोलशास्त्रज्ञ, नौदलाचे अधिकारी आणि राजकारणी यांचं एक मंडळ नेमलं. अट अशी की जहाज वेस्ट इंडीजपर्यंत नेऊन पद्धत सिद्ध करायची. प्रवास साधारण सहा आठवड्यांचा. म्हणजे घड्याळ दिवसाला तीन सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये.

हे घड्याळानं होईल यावर मोठमोठ्या लोकांचा विश्वास नव्हता. न्यूटनलाही शंका होती. उत्तर आकाशातच मिळेल, असं बहुतेक विद्वानांचं मत होतं.

लाकडाची घड्याळं बनवणारा गडी

हॅरिसनचा जन्म १६९३ चा, यॉर्कशरमधल्या फाउल्बी गावचा. वडील सुतार. पुढं कुटुंब लिंकनशरमधल्या बॅरो गावात आलं. असं सांगतात की लहानपणी देवी आल्या तेव्हा अंथरुणात पडल्या-पडल्या त्याच्या हातात एक घड्याळ दिलं होतं आणि तो तासन्‌तास त्याची टिकटिक ऐकत बसायचा. ही दंतकथाही असेल. पण विसाव्या वर्षी, १७१३ मध्ये, त्यानं पहिलं मोठं घड्याळ बनवलं हे मात्र पक्कं आहे. ते घड्याळ आजही शिल्लक आहे.

त्याची चाकं लाकडाची होती. सुताराचा पोरगा, हाताशी लाकूड, म्हणून लाकूड. पण हॅरिसनला लाकडाची जात कळत होती. झीज कमी व्हावी म्हणून चाकाच्या दातांमध्ये लाकडाच्या रेषा कशा बसवायच्या हे त्यानं नीट विचार करून ठरवलं. ब्रॉकल्सबी पार्क इथल्या एका मनोऱ्यासाठी त्यानं १७२२ च्या सुमारास घड्याळ बनवलं. त्यात लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड वापरलं. या लाकडात स्वतःचंच तेलकट सत्त्व असतं, म्हणून घड्याळाला तेल घालावं लागत नाही. तेल नाही, तर तेल घट्ट होण्याचा प्रश्नही नाही. हे घड्याळ अजून चालतं.

मग त्यानं भाऊ जेम्सच्या मदतीनं लंबकाला हात घातला. पितळ आणि पोलाद उष्णतेनं वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात. दोन्हींच्या कांड्या शेजारी-शेजारी अशा जोडल्या की एकीचं पसरणं दुसरीनं खाऊन टाकलं. ऊन असो की थंडी, लंबकाची लांबी तेवढीच. ही घड्याळं महिन्याला एखादा सेकंद चुकायची. खेड्यात बसलेल्या, घड्याळजीकडं कधी उमेदवारी न केलेल्या माणसानं जगातल्या सगळ्यात अचूक घड्याळांच्या तोडीचं काम केलं होतं.

आता उरला होता समुद्र.

तीस वर्षं आणि तीन अवजड यंत्रं

१७३० च्या सुमारास हॅरिसन आपले नकाशे घेऊन लंडनला गेला. तिथं तो एडमंड हॅली यांना भेटला. धूमकेतूवाले हॅली ते हेच. हॅलींनी त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडं धाडलं. ग्रॅहमनं या अनोळखी सुताराचं ऐकून घेतलं आणि बिनव्याजी पैसे उसने दिले. हॅरिसनच्या आयुष्यात पुढं वाकड्यात शिरणारे पुष्कळ भेटले, पण सुरुवातीला हे दोघं भेटले म्हणून गाडी रुळावर आली.

पाच वर्षांनी पहिलं सागरी घड्याळ तयार झालं. त्याला आज एच-१ म्हणतात. वजन ३४ किलो. लंबकाच्या जागी दोन मोठ्या दांड्या, एकमेकींना जोडलेल्या आणि उलट दिशेनं हलणाऱ्या. जहाजाचा धक्का एकीला बसला की दुसरी तो भरून काढायची.

१७३६ मध्ये हे घड्याळ घेऊन हॅरिसन लिस्बनला जाऊन आला. परतीच्या वाटेवर इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा जहाजावरच्या जाणकारांना वाटलं की हे स्टार्ट पॉइंट. हॅरिसननं आपल्या हिशोबानं सांगितलं की हे लिझर्ड आहे. हॅरिसन बरोबर निघाला. जहाजवाल्यांचा अंदाज जवळपास ६० मैलांनी चुकला होता.

त्याच वेळी तो वेस्ट इंडीजच्या परीक्षेचा आग्रह धरू शकला असता. पण मंडळासमोर उभं राहून यानं स्वतःच्याच घड्याळातल्या चुका सांगितल्या आणि आणखी चांगलं बनवायला थोडे पैसे मागितले. ५०० पाउंड मंजूर झाले, दोन हप्त्यांत.

दुसरं घड्याळ, एच-२, आणखी जड झालं. त्यातही दोष सापडला आणि त्यानं ते समुद्रावर नेलंच नाही. मग एच-३ घेतलं. यात तब्बल १९ वर्षं गेली. ७५० हून जास्त भाग असलेलं हे यंत्र त्याच्या मनासारखं कधीच चाललं नाही. पण त्या नादात त्यानं दोन गोष्टी जगाला दिल्या. एक, दोन धातूंची जोडपट्टी, जी पुढं इस्त्री-गिझरच्या थर्मोस्टॅटमध्ये आली. दुसरी, पिंजऱ्यात बसवलेलं रोलर बेअरिंग, ज्याची भावंडं आज गाड्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडं फिरतायत.

सुरुवात केली तेव्हा हॅरिसन ऐन तारुण्यात होता. आता साठी आली होती आणि समुद्राचं कोडं जसंच्या तसं होतं.

उत्तर छोट्या घड्याळात होतं

१७५३ मध्ये हॅरिसनच्या आराखड्यावरून जॉन जेफ्रीज नावाच्या घड्याळजीनं एक खिशातलं घड्याळ बनवून दिलं. स्वतः वापरायला, बाकी काही नाही. पण ते अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं चाललं आणि हॅरिसनच्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण वीस-पंचवीस वर्षं भलत्याच वाटेनं चाललोय. घड्याळ मोठं नको, छोटं हवं.

का? सायकलचं उदाहरण घ्या. हळू चालणारी सायकल जरा धक्का लागला की डगमगते, वेगात असलेली सरळ जाते. तसंच घड्याळातलं बॅलन्स चाक छोटं असलं, पण जोरात आणि भरभर झोके घेत असलं, तर जहाजाच्या संथ हेलकाव्यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही.

अर्ध्या आयुष्याची मेहनत बाजूला सारून हॅरिसननं नव्यानं सुरुवात केली. १७५९ मध्ये एच-४ तयार झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. दिसायला खिशातल्या घड्याळासारखंच, फक्त खिसा राक्षसाचा हवा. सेकंदाला पाच ठोके. आत हिऱ्याचे आणि माणकांचे भाग, घर्षण कमी करायला.

परीक्षा पास, पण निकाल राखून ठेवला

नोव्हेंबर १७६१ मध्ये एच-४ डेप्टफर्ड जहाजावर चढलं. हॅरिसन ६८ वर्षांचा, म्हणून सोबत मुलगा विल्यम गेला. वाटेत मदेरा बेटावर थांबायचं होतं आणि जहाजावरची बिअर खराब झाल्यानं खलाशी आधीच वैतागलेले. कॅप्टनच्या हिशोबानं दिशा चुकत होती. विल्यमनं घड्याळ बघून सांगितलं की दिशा बदलू नका, उद्या बेट दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट समोर.

जानेवारी १७६२ मध्ये जमैकाला पोचल्यावर हिशोब झाला. ८१ दिवसांत घड्याळ फक्त ५.१ सेकंद मागं पडलं होतं.

म्हणजे बक्षीस पक्कं ना? नाही. मंडळाचं म्हणणं पडलं की हे नशिबानं झालं असेल, शिवाय जमैकाचा रेखांशच आधी पुरेसा नक्की नव्हता. थोडी रक्कम हातावर ठेवली आणि पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं.

१७६४ मध्ये विल्यम पुन्हा निघाला, या वेळी बार्बाडोसला. तिथं तपासणीसाठी आधीच जाऊन बसलेल्यांत होते नेव्हिल मॅस्कलिन. हे खगोलशास्त्रज्ञ चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून रेखांश काढायच्या पद्धतीचे खंदे समर्थक. म्हणजे स्पर्धकच परीक्षक. घड्याळाची चूक भरली ३९ सेकंद, म्हणजे १० मैलांच्या आत. मर्यादेपेक्षा तिप्पट चांगली. मॅस्कलिन यांच्या चांद्रपद्धतीची चूक ३० मैलांच्या आसपास होती.

तरीही १७६५ मध्ये नवा कायदा आला. अर्धं बक्षीस मिळेल, पण घड्याळ उघडून सगळी गुपितं सांगायची. उरलेलं अर्धं, दुसऱ्या कुणाला तसंच घड्याळ बनवता आलं तर. त्याच वर्षी मॅस्कलिन शाही खगोलशास्त्रज्ञ झाले आणि त्या नात्यानं थेट मंडळावर आले.

हॅरिसन चिडला, भांडला आणि शेवटी नमला. ऑगस्ट १७६५ मध्ये लंडनच्या घरी, तज्ज्ञांच्या समितीसमोर त्यानं आपल्या हातानं एच-४ चा एकेक भाग सुटा करून दाखवला. अर्धे पैसे मिळाले. पण घड्याळ त्याच्याकडं राहिलं नाही. पुढच्या वर्षी मॅस्कलिन बाकीची तीन यंत्रंही ग्रीनिचला न्यायला आले. हलवताना कामगारांच्या हातून एच-१ पडलं. मग ग्रीनिचमध्ये एच-४ ची मॅस्कलिन यांच्या देखरेखीखाली चाचणी झाली आणि अहवाल घड्याळाच्या विरोधात गेला.

इथं मॅस्कलिनना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण मंडळाच्या बाजूनं एक मुद्दा खरा होता. नौदलाकडं शेकड्यांनी जहाजं. एका म्हाताऱ्या कारागिरानं आयुष्य घालून बनवलेलं एक घड्याळ एक जहाज वाचवेल, बाकीच्यांचं काय? मॅस्कलिन यांनी १७६७ सालापासूनची पंचांगवजा कोष्टकं छापून आणली, ती स्वस्त होती आणि कुणालाही विकत घेता येत होती. चुकलं ते इथं की नियम खेळ सुरू झाल्यावर बदलले आणि पंच समोरच्या टीमचा निघाला.

राजा मध्ये पडला

नक्कल करायचं काम लार्कम केंडल या घड्याळजीला दिलं गेलं. त्यानं १७६९ पर्यंत एच-४ ची हुबेहूब प्रत बनवली, के-१. खर्च ४५० पाउंड. पण मंडळ म्हणालं, हॅरिसननंही आणखी दोन बनवावीत. म्हातारा मूळ घड्याळही परत न मिळता, डोळे मंदावलेले असताना पुन्हा कामाला बसला आणि १७७० मध्ये एच-५ पूर्ण केलं.

आता विल्यमनं थेट राजा तिसरा जॉर्ज यांच्याकडं दाद मागितली. राजाला विज्ञानाची आवड होती, स्वतःची वेधशाळा होती. १७७२ मध्ये त्यानं एच-५ तिथं ठेवून चाचणी घेतली. सुरुवातीला घड्याळ भलतंच चुकायला लागलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शेजारच्या कपाटात चुंबक-दगड ठेवलेत. ते हलवल्यावर दहा आठवड्यांत रोजची सरासरी चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली नाही.

राजाच्या पाठिंब्यानं प्रकरण संसदेत गेलं आणि जून १७७३ मध्ये संसदेनं ८,७५० पाउंड मंजूर केले. हॅरिसन तेव्हा ८० वर्षांचा होता. आयुष्यभरातले सगळे हप्ते धरले तर त्याला २३ हजार पाउंडांहून थोडे जास्तच मिळाले. पण हे पैसे संसदेची मेहेरबानी म्हणून आले. रेखांशाचं बक्षीस हॅरिसननं जिंकलं, असं मंडळानं शेवटपर्यंत जाहीर केलं नाही. ते बक्षीस अधिकृतपणे कुणालाच दिलं गेलं नाही.

खरा निकाल मात्र समुद्रानं दिला. कॅप्टन जेम्स कुक १७७२ ते १७७५ च्या सफरीवर के-१ घेऊन गेले. अंटार्क्टिकाजवळच्या थंडीपासून उष्ण कटिबंधापर्यंत सगळं त्या घड्याळानं सोसलं. सुरुवातीला साशंक असलेले कुक त्याचे चाहते होऊन परतले.

२४ मार्च १७७६ ला हॅरिसन गेला. तो दिवस त्याच्या ८३ व्या वाढदिवसाचा होता.

त्या बाणामागची गोष्ट

हॅरिसननंतर जॉन अर्नोल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांनी हे यंत्र सुटसुटीत आणि स्वस्त केलं. पुढच्या काही दशकांत ते जहाजाजहाजांवर पोचलं. डार्विन ज्यावर होता त्या बीगल जहाजावर १८३१ मध्ये २२ क्रोनोमीटर होते. अशी घड्याळं बंदरात आल्यावर अचूक वेळेशी ताडून बघावी लागायची, त्यासाठी बंदरांजवळ वेधशाळा लागायच्या. आपल्या मुंबईत १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं कुलाब्याला वेधशाळा बांधली ती आकाशाच्या निरीक्षणासाठी आणि वेळ राखण्यासाठीच.

केंडलच्या दुसऱ्या घड्याळाची, के-२ ची, गोष्ट तर सिनेमाची आहे. ते बाउंटी जहाजावर होतं. १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं, कॅप्टन ब्लायला होडीत सोडून दिलं आणि घड्याळासकट पिटकेर्न बेट गाठलं. १८०८ मध्ये एका अमेरिकी जहाजाच्या कॅप्टनला ते तिथं मिळालं आणि हातोहात फिरत १८४० च्या सुमारास इंग्लंडला परत आलं. घड्याळ कुणाच्या हातून कुठं गेलं याची नोंद जमवणाऱ्यांना सोन्याहून मोलाची का वाटते, ते यातून कळावं.

म्हणूनच हा छंद करायचा असेल तर निव्वळ बाणावर भुलू नका. बाण नंतरही ठोकता येतो. यंत्रावरचा नंबर, तबकडी, झाकण आणि कागद एकमेकांशी जुळतात का, हे बघणं महत्त्वाचं. बाण असलाच पाहिजे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीनं बनवलेलं ४९९२बी हे २४ तासांच्या तबकडीचं घड्याळ ब्रिटिश बाणाशिवायही लष्करीच असतं.

आणि हॅरिसनची यंत्रं? ती ग्रीनिचमध्ये धूळ आणि गंज खात पडून होती. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्यानं ती बघितली आणि पुढची बारा-तेरा वर्षं खपून त्यांना पुन्हा जिवंत केलं. आज ग्रीनिचच्या वेधशाळेत एच-१, एच-२ आणि एच-३ चालताना दिसतात. एच-४ मात्र मुद्दाम बंद ठेवलंय. त्याला तेल लागतं, चालवलं तर झिजेल. २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत हॅरिसनची स्मृतिशिला बसली.

एक शेवटचं. म्हातारपणी हॅरिसननं दावा केला होता की आपल्या पद्धतीचं लंबकाचं घड्याळ १०० दिवसांत एका सेकंदापेक्षा जास्त चुकणार नाही. लोकांनी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून सोडून दिलं. २०१५ मध्ये त्याच्या तत्त्वांवर बनवलेल्या घड्याळाची ग्रीनिचमध्ये सीलबंद चाचणी झाली. १०० दिवसांनी चूक भरली सेकंदाच्या पाच अष्टमांश.

म्हाताऱ्याचा हिशोब बरोबर होता. मान्य व्हायला अडीचशे वर्षं लागली, एवढंच.